शिडाच्या जुन्या जहाजांची निगा : 'स्टार ऑफ इंडिया'वर स्वयंसेवक नेमकं काय काम करतात?

सांजवारा

अमेरिकेत सॅन डिएगोच्या मेरिटाइम म्युझियममध्ये 'स्टार ऑफ इंडिया' नावाचं, लोखंडी अंगाचं शिडाचं जहाज आहे. १४ नोव्हेंबर १८६३ रोजी आइल ऑफ मॅनमधल्या रॅम्झी गावात ते पाण्यात उतरलं. तेव्हाचं नाव यूटर्पी. पहिल्या दोन्ही सफरी कलकत्त्याच्या. दुसऱ्या सफरीत, १८६५ साली, बंगालच्या उपसागरात वादळात सापडल्यावर डोलकाठ्या तोडून समुद्रात टाकाव्या लागल्या आणि जहाज कसंबसं श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदराला पोचलं. पुढे न्यूझीलंडला जाणारे स्थलांतरित, मग अलास्काचा सामन मासा. १९०६ मध्ये आताचं नाव मिळालं, १९२७ मध्ये सॅन डिएगोला आलं आणि कित्येक वर्षं धक्क्यावर गंजत पडलं. १९५७ मध्ये शिडाच्या जहाजांचे कप्तान आणि लेखक अॅलन व्हिलियर्स यांनी त्याची दशा पाहून जाहीर टीका केली, त्यानंतर शहर हललं. १९७६ मध्ये ते पुन्हा शिडावर चाललं. आजही अधूनमधून चालतं, आणि शिडं हाताळणारे सगळे स्वयंसेवक असतात.

माझा भाचा वर्षभरासाठी तिथे जातोय आणि शनिवार-रविवार या कामाला द्यायचे म्हणतो. यंत्राचं थोडं ज्ञान आहे, बोटीचं शून्य. नवख्याला काय काम मिळतं, ते कसं करतात, कुठे चुकतं? जाणकारांनी लिहा. आठवणींचे धागे इथे भरपूर आहेत, इथे फक्त कामाचं बोलू.

तांडेल

आधी विभागणी समजून घ्या. पाण्याखालचा भाग, म्हणजे तळाच्या प्लेटा, झडपा, झिंकचे ठोकळे, हे सुक्या गोदीतल्या व्यावसायिकांचं काम. स्वयंसेवकांचं राज्य पाण्याच्या वर. त्यात गंज काढून रंग देणं, दोर आणि तारांची निगा, डेकच्या फटी, शिडं आणि कप्प्या येतात. वेळेच्या हिशोबात गंज सगळ्यात जास्त खातो.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. धक्क्याला बांधलेल्या जहाजाचा खरा शत्रू पावसाचं पाणी. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी तग धरत नाही, गोड्या पाण्यात फोफावते. समुद्रावर असताना खलाशी रोज सकाळी समुद्राचं पाणी ओतून डेक धूत, फळ्या फुगलेल्या राहत, फटी मिटलेल्या राहत. धक्क्यावर डेक दिवसभर उन्हात तापतो, फळ्या आकसतात, फटींत भरलेली राळ फळीच्या कडेपासून सुटते. पुढच्या पावसात पाणी त्या केसाएवढ्या फटीतून उतरतं आणि खालच्या लोखंडी तुळईवर साचतं. वरून काही दिसत नाही. कळतं तेव्हा बोल्टाचं डोकं हातात येतं.

म्हणून नवख्याच्या हातात बऱ्याचदा आधी बादली आणि ब्रश येतो. कमी लेखू नका.

गंजफोड्या

तांडेलकाका, डेक धुण्याबाबत एक दुरुस्ती. खाऱ्या पाण्याने धुणं लाकडी जहाजाला चांगलं. 'स्टार'चं अंग लोखंडी, डेक लाकडी. फटी गळत असतील तर तेच खारं पाणी तुळयांवर जातं, आणि क्लोराइडसकट बसलेला गंज साध्या पाण्याच्या गंजापेक्षा वाईट. आधी फटी बुजवा, मग धुवा.

आता गंजाकडे वळू. १८६३ चं लोखंड म्हणजे आजचं स्टील नव्हे, ते रॉट आयर्न. त्यात धातुमळाचे लांबट धागे असतात, त्यामुळे ते गंजतं तेव्हा थरांचे पापुदरे सुटतात. गंज मूळ धातूच्या कित्येक पट जागा घेतो. दोन प्लेटांच्या जोडात तो साचला की प्लेटा एकमेकींपासून रेटल्या जातात आणि रिव्हेटची डोकी उडतात. जोड फुगलेला दिसला तर वरून रंग फासू नका, देखरेख करणाऱ्याला बोलवा.

क्रम असा:

१. शिशाची तपासणी. जुन्या जहाजावर खालच्या थरात शेंदरासारखा लाल प्राइमर हमखास असतो, तो शिशाचा. तपासणीची पट्टी लाल झाली तर पूर्ण तयारी: पी-१०० फिल्टरचा मास्क, अंगभर सूट, खाली ताडपत्री, हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम. कपचा बंद डब्यात. एकही कण खाडीत जाता कामा नये, तिथला पर्यावरण कायदा कडक आहे. तोच सूट घालून जेवायला बसायचं नाही.

२. हातोड्याने मोठे पापुदरे. टोकदार हातोडा तिरका मारायचा, सरळ मारला तर पातळ प्लेटेत खळगा पडतो.

३. नीडल गन, म्हणजे पोलादी सुयांचा झुबका भराभर आपटणारं यंत्र. खळग्यातला गंज यानेच निघतो. एका जागी धरून ठेवू नका. लोखंड चकाकून गुळगुळीत झालं तर रंगाला पकड राहत नाही.

४. गोड्या पाण्याने धुणं. हीच पायरी लोक गाळतात. खळग्यांत उरलेलं मीठ रंगाखाली ओल ओढतं आणि सहा महिन्यांत फोड येतात. धुवायचं, सुकू द्यायचं, परत ब्रश मारायचा.

५. आधी कडा, कोपरे, रिव्हेटची डोकी आणि वेल्डच्या रेघा ब्रशने रंगवायच्या. ओला रंग कडेवरून मागे सरतो, तिथे थर सगळ्यात पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्यानंतर सबंध पृष्ठभाग.

६. इपॉक्सी प्राइमरचे दोन हात, प्रत्येकी सुकल्यावर साधारण १०० मायक्रॉन. वरचा हात पॉलियुरेथेनचा, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुकटी सोडते. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो. तो उलटून गेला तर सँडपेपर मारल्याशिवाय पुढचा हात धरत नाही.

रंग किती लागेल? ८० टक्के घनभाग असलेला १ लिटर रंग १०० मायक्रॉनला कागदावर ८ चौरस मीटर पुरतो. खळगे पडलेल्या प्लेटेवर ब्रशने ६ धरा. दोन घटक मिसळल्यावर उन्हात तासाभरात डबा घट्ट होतो, तेव्हा अर्ध्या लिटरच्या वर एकावेळी कालवू नका.

सांजवारा

बापरे, खजिना आहे हा. एक प्रश्न, सॅन डिएगोत पाऊस तर वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर. मग रंग कधीही देता येत असेल ना?

गंजफोड्या

तिथेच गंमत आहे. मे-जूनमध्ये सकाळी समुद्रावरचं मळभ किनाऱ्यावर बसतं, पाऊस नाही पण हवा दमट. नियम असा, की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा, किमान ३ अंश वर हवं. हवा १८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण साडेपंधरा. म्हणजे पत्रा साडेअठराच्या पुढे गेल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पत्र्याचं तापमान मोजा, हवेचं मोजून फसाल. सावलीतली बाजू दुपारपर्यंत थंड राहते. तोवर दुसऱ्या बाजूला घासकाम करा.

आणखी एक. प्लेटेची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजतात, पण रॉट आयर्नमधल्या मळाच्या थरावरून ध्वनी मध्येच परततो आणि आकडा खोटा कमी दाखवतो. एका वाचनावर घाबरून प्लेट कापायची नसते. आसपास दहा-बारा ठिकाणी मोजतात आणि हातोड्याचा नादही ऐकतात.

काथ्याकूट

माझा प्रांत दोरांचा. गंजफोड्यांनी लोखंड संपवलं, आता वर चढू.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा जस्त चढवलेल्या पोलादी दोरखंडाच्या असतात. त्या उघड्या ठेवल्या तर समुद्राची हवा खाते, म्हणून तीन थरांचं कवच. तार चेन-पुलीने बाकावर आडवी ताणून घ्यायची, तारेच्या ब्रशने साफ करायची, लॅनोलिनचं ग्रीस किंवा पाइन टार (पाइनच्या लाकडाचं डांबर) चोळायचं. मग:

वर्मिंग : तारेच्या पिळांमधल्या खाचांत बारीक दोरी, पिळाच्याच दिशेने. खाच भरली की पाण्याला वाहायला नाली उरत नाही.

पार्सलिंग : याच टारमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या किंवा कॅनव्हासच्या पट्ट्या, याही पिळाच्या दिशेने, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून. सुरुवात तारेच्या खालच्या टोकाकडून. मग तार उभी झाल्यावर वेढे कौलांसारखे एकावर एक येतात आणि पाणी बाहेरून ओघळतं. उलट गुंडाळलं तर प्रत्येक वेढा पाणी आत घेणारा खिसा होतो. बाकावर तार आडवी असते, तिचं खालचं टोक कुठलं हे नवखे विसरतात, म्हणून टोकाला आधीच रंगीत फीत बांधून ठेवा.

सर्व्हिंग : वरून मारलाइन नावाच्या बारीक दोरीचे घट्ट वेढे, पिळाच्या विरुद्ध दिशेने. यासाठी खोबणीचा लाकडी मॅलेट (हातोड्यासारखं हत्यार) असतो, त्याच्या दांड्याला दोरीचे तीन-चार आटे दिले की ताण आपोआप बसतो. एकजण मॅलेट फिरवतो, दुसरा दोरीचा गुंडा त्याच्याबरोबर तारेभोवती फिरवत राहतो. वेढ्यांमध्ये नख जाता कामा नये.

हिशोब : २५ मिलिमीटरची तार पट्टीसकट ३० होते. त्यावर ३ मिलिमीटरची मारलाइन म्हणजे मीटरमागे ३३३ वेढे, प्रत्येक सुमारे १०४ मिलिमीटर. एका मीटर तारेला जवळजवळ ३५ मीटर दोरी लागते! गुंडे आधी मोजून घ्या, मध्ये गाठ आली तर ती जागा कमजोर.

अनामिका_सॅ

तारा स्टेनलेसच्या घेतल्या की ही सगळी कटकटच मिटेल ना?

काथ्याकूट

ताई, उलट वाढेल. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा थर टिकायला प्राणवायू लागतो. टार-गोणपाटाखाली तो मिळत नाही, तार आतून खड्डे पडून खाल्ली जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. जस्ताची तार निदान सूचना देते. सर्व्हिंगमधून चहासारखे तांबडे ओघळ दिसले की कापून उघडायचं. तपासणीत आधी खालचे डोळे उघडतात, म्हणजे तार वळवून जिथे अडकवलेली असते ती जागा, कारण पाणी तिथे येऊन थांबतं. शिवाय जस्ताच्या तारेला स्टेनलेसची कडी लावली की दोन धातूंच्या विजेने जस्त भराभर जातं. जुगाड म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली कडी कधीच लावू नका.

आता सर्व्हिंगवर द्यायच्या लेपाबद्दल. प्रत्येक म्युझियमची कृती वेगळी. चालणारं एक प्रमाण: पाइन टार ३ भाग, उकळलेलं जवसाचं तेल २ भाग, टर्पेंटाइन अर्धा भाग, ड्रायर (लेप लवकर सुकवणारं द्रव्य) ५ टक्क्यांच्या आत. जवस जास्त झालं तर लेप चिकट राहतो आणि काळी बुरशी धरते. टार जास्त झाला तर उन्हात वितळून खाली थेंब पडतात, थेट पर्यटकांच्या सदऱ्यावर. काम उबदार, कोरड्या दिवशी, वरून खाली. कोळशाचं डांबर वापरू नका, ते कडक होऊन तडकतं.

तांडेल

इथे मी काथ्याकूटांशी एका बाबतीत भांडणार. मारलाइन तागाची की पॉलिस्टरची? माझं मत पॉलिस्टर, टार लावून. दिसायला सारखी, कुजत नाही.

काथ्याकूट

कुजत नाही हाच दोष. तागाची दोरी खराब झाली की दिसते आणि आपण उघडून तार बघतो. पॉलिस्टर वीस वर्षं नवी दिसेल आणि आत तारेची भुकटी झालेली असेल. पॉलिस्टर वापरायची तर तपासणीची तारीख वहीत लिहून ठेवायची शिस्त हवी. ती असेल तर माझी हरकत नाही. चालत्या दोरांना, म्हणजे शिडं ओढायच्या दोरांना, पॉलिस्टर बिनदिक्कत वापरा. मनिला दोरी ओली झाली की आखडते, रात्री सैल सोडली नाही तर खिळे उपटते.

तांडेल

वहीची अट मान्य. पुढे चला.

खारीहवा

डेकच्या फटींवर मी लिहिते. ७५ मिलिमीटर जाडीची फळी धरा. फट वरच्या तोंडाला साधारण ५ मिलिमीटर आणि खाली मिटलेली, म्हणजे इंग्रजी V आकाराची हवी. जुना माल आकड्याने खरवडून काढायचा, फळीची कड न फोडता. पेचकसाने उकरणारे कड तोडतात आणि मग तिथे राळ कधीच धरत नाही.

आधी सुताचा एक पदर, मग ओकमचे दोन. ओकम म्हणजे टार लावलेला ताग. तो मांडीवर वळून सैल पेळू करतात, छिन्नीने लहान लहान घड्या घालत फटीत बसवतात आणि मग लाकडी हातोड्याने ठोकतात. वर १० मिलिमीटर जागा राळेसाठी मोकळी. हातोड्याचा आवाज कान देऊन ऐका. सैल असेपर्यंत बद्द वाजतो, बसला की टणक. त्यानंतरही ठोकत राहिलात तर पाचर मारल्यासारखा फळ्यांवर दाब येतो, पावसात त्या फुगल्या की बोल्ट वाकतात. कमी ठोकलं तर ओकम खाली सरकतो आणि राळ खचते.

राळ पातळ होईल एवढीच तापवायची. धूर निघाला म्हणजे जळली, ती थंडीत काचेसारखी फुटते. फट ओली असेल तर वाफेचे बुडबुडे येतात आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे भोक. आदल्या रात्री दव पडलं असेल तर सकाळी राळ ओतू नका. थोडी वर येईल इतकी ओतून, थंड झाल्यावर खरवडून सपाट.

कुजकं लाकूड ओळखायला आरी टोचून बघतात. ओलाव्याचं यंत्र २० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर बुरशीला पोषक. बुरशी मारायला बोरेटचं पाणी मारतात, पण ते पावसात धुऊन जातं, म्हणून वर रंग किंवा तेल लागतंच. शिडं टांगायच्या आडव्या काठ्यांची टोकं विशेष बघा, लोखंडी पट्ट्याखाली पाणी अडकतं आणि लाकूड आतून पोकळ होतं.

देवबाग_किनारा

छान धागा. एक शंका, हे सगळं अडीचशे मिलिमीटर पावसात. आपल्याकडे किनाऱ्यावर त्याच्या दसपट पडतो. असं जहाज इथे टिकेल का?

तांडेल

लाकूड कुठलं यावर बरंच अवलंबून. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला 'एचएमएस त्रिंकोमाली' आजही पाण्यावर आहे. ते मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागात बांधलं, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलं. सागातलं तेल बुरशीलाही आवडत नाही आणि लोखंडी बोल्टांनाही सांभाळतं. ओकच्या लाकडातलं आम्ल बोल्ट खातं. तरी सागालाही साचलेलं पाणी चालत नाही. कोकणात ठेवायचं तर मे अखेर संपूर्ण डेकवर उतरतं छत, बाजू मात्र उघड्या. प्लास्टिक गच्च गुंडाळलं तर आत वाफ कोंडून पावसापेक्षा जास्त नुकसान. होड्यांवर झापा टाकतात तेव्हा टोकं मोकळी ठेवतात, तेच तत्त्व.

आणि पैसा सतत हवा. 'विक्रांत' शिडाची नव्हती, पण मुंबईत संग्रहालय म्हणून होती आणि २०१४ मध्ये भंगारात गेली.

देवबाग_किनारा

गोव्यात दिवाडीला बांधलेलं शिवणीचं जहाज, 'कौंडिण्य', त्याची निगा याच पद्धतीने करतात का?

खारीहवा

नाही, ते प्रकरण निराळं. तिथे फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळे नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. शिवणीच्या जहाजाला इथल्यासारखी फट ठोकली तर टाके ताणले जातील. तिथे राळ आणि तेलाचे लेप, आणि खराब टाका काढून नवा घालणं. 'स्टार'वर शिकलेलं तिथे तसंच्या तसं लावू नका.

सांजवारा

भाच्याला उंचीचं वावडं नाही. वर चढायला कधी मिळेल?

काथ्याकूट

प्रशिक्षण आणि तपासणी झाल्याशिवाय नाही, आणि ते योग्यच. मुख्य गोष्टी: वाऱ्याच्या बाजूने चढायचं, म्हणजे वारा शरीराला दोरांवर दाबतो. हात उभ्या तारांवर, पाय आडव्या पायऱ्यांवर. आडवी पायरी कुजून तुटू शकते, उभी तार नाही. हार्नेस लावलेला असला तरी एक हात स्वतःसाठी राखायचा. खिसे रिकामे. प्रत्येक हत्यार दोरीने कमरेला. ४० मीटरवरून पडलेला पाना खालच्याचा जीव घेतो, म्हणून खाली दोरी लावून जागा बंद करतात.

तोवर जमिनीवर कप्प्या खोलायला मागा. यंत्राचा माणूस आहे तर लगेच जमेल. पिन काढा, मोजा. एका अंगाने झिजली असेल तर अर्धा फेरा फिरवून बसवा, दोन्हीकडून झिजली तर बदला. ग्रीस, लाकडी गालांना जवसाचं तेल, आणि कुठली कप्पी कुठल्या दोराची ते पत्र्याच्या बिल्ल्यावर. बिल्ला नसेल तर शंभर कप्प्या सारख्याच दिसतात.

अनामिका_सॅ

आणि शिडं?

काथ्याकूट

थोडक्यात: ओलं शीड कधी गुंडाळायचं नाही, ऊन हा दुसरा शत्रू. चालवायचं नसेल तेव्हा काढून कोरड्या जागी. शिवण दरवर्षी अंगठ्याने ओरखडून बघायची, दोरा कापडाच्या आधी मरतो.

सांजवारा

शेवटचा प्रश्न. पहिल्या दिवशी काय घेऊन जावं?

गंजफोड्या

बंद बूट, पुन्हा न वापरायचे कपडे, टोपी. अंगठी, कडं घरी. चाकू दोरीला बांधलेला. आणि जवसाच्या तेलाची चिंधी! ती चुरगळून कोपऱ्यात टाकली की आपोआप तापून पेटते. पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या लोखंडी डब्यातच टाकायची, दिवसअखेर डबा बाहेर.

खारीहवा

हाताला लागलेलं टार काढायला आधी खाण्याचं तेल चोळा, मग साबण. टर्पेंटाइन कातडीला लावू नका.